स्लाऊमधलं हरवलेलं खरेदीखत

नोकरीतली एक फाइल मला अजून छळते. निवृत्तीनंतर मी कॉलेजात नाव घातलं, आमच्या घरातला पहिलाच. लिहायला तिथेच शिकतो आहे, म्हणून धीर करून ही लिहितो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी इंग्लंडमधल्या स्लाऊच्या पोलीस ठाण्यात डिटेक्टिव्ह होतो. एक विधवा मराठी काकू तक्रार घेऊन आल्या. घरामागच्या त्यांच्या जमिनीवर बिल्डरने कुंपण घातलं होतं. जमिनीची सरकारी नोंदणी झालेली नव्हती. मालकीचा पुरावा म्हणजे मूळ खरेदीखत, आणि ते घरात सापडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला, काकूंच्या मुलानेच ते चोरून बिल्डरला दिलं म्हणून. काकूंनाही तसंच वाटत होतं.

काकूंच्या जुन्या वकिलाची फर्म बंद पडून तिचे कागद काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, अभिलेखागारात गेले होते. तिथे पेन चालत नाही. चार दिवस पेन्सिलीने याद्या उतरवल्या. यादीत खरेदीखताच्या नकलेचा क्रमांक मिळाला, पण तो गठ्ठाच तळघरात पाणी शिरून नष्ट झाला होता.

मग मुलाला बोलावलं. तीन तास टेपवर तेच तेच प्रश्न. तो नाहीच म्हणत राहिला. टेप बंद केल्यावर मराठीत म्हणाला, "साहेब, आईला मी चोर वाटतो?"

"त्या तसंच म्हणाल्या," मी म्हणालो. तो फुटेल असं वाटलं होतं. तो नुसता कोट उचलून गेला.

पुढच्या आठवड्यात काकूंकडे वास्तुशांतीचा अल्बम पाहत होतो. एका फोटोत त्यांचे यजमान गणपतीच्या तसबिरीमागे लिफाफा चिकटवत होते.

"काकू, ही तसबीर कुठंय?"

"काच तडकली हो तिची. असा देव घरात ठेवू नये, म्हणून विंडसरला नदीत सोडला. मीच, गेल्या वर्षी..." त्यांनी अल्बम जवळ ओढून फोटोतला लिफाफा निरखून पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "त्याला सांगाल ना, त्यानं नव्हतं नेलं म्हणून?"

जमीन गेली. फाइलवर मी 'गुन्हा घडला नाही' असा शेरा मारला.

माझी आईसुद्धा घरचे कागद देवाच्या तसबिरीमागेच ठेवायची. तरी मी अभिलेखागार पालथं घातलं, आणि यजमान कागद कुठे ठेवायचे, हा एक प्रश्न काकूंना विचारला नाही. चौकशी घरातून सुरू करावी, हे मला फार उशिरा कळलं.

मुलगा त्या दिवसानंतर आईकडे फिरकलाच नव्हता; त्याला मी तसं पत्र लिहिलं. ते न फोडताच परत आलं. काकू असेपर्यंत दर दिवाळीला मला विचारत, "काही उत्तर आलं का हो?" पत्र परत आल्याचं मी त्यांना कधीच सांगितलं नाही.