धुऱ्यानं चालणारा कुत्रा

आमच्या शेल्टरमध्ये आम्ही कुत्र्यांना नावं ठेवत नाही. दोन्ही अर्थांनी. जो घरी नेईल त्यानंच नाव ठेवावं, हा नियम माझा. एकदा आपण हाकेची सवय लावली की नव्या घरी गेलेलं कुत्रं तीच हाक ऐकायला कान लावून बसतं आणि घरचे लोक वैतागतात. म्हणून आमच्याकडे ‘तो काळा’, ‘ती लंगडी’, ‘टाकीखालचा’ एवढ्यावर भागतं.

हा आला तो ‘भिंतीवाला’ झाला.

अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाताना रस्त्यापासून जरा आत आमचं शेल्टर आहे. टिनाचं शेड, जाळीचे कप्पे आणि मधे मोकळं आवार. मी शाळेत गणित शिकवते आणि रविवारी इथं येते. लाड करायला बाकीचे आहेत. माझ्याकडे घर शोधायचं काम आहे. फोन घ्यायचे, घर बघून यायचं, कुत्रं पोचवायचं, महिन्यानं चौकशी करायची आणि मग विसरायचं.

भिंतीवाल्याला कोणीतरी पहाटे फाटकाला बांधून गेलं होतं. तांबूस रंग, ऐन वयातला, एक कान मुडपलेला. दोरी नवी सुती होती आणि गळ्याची गाठ अशी मारलेली, की ओढलं तरी काचणार नाही. टाकून देणारे लोक अशी गाठ मारत नाहीत. ते मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं, पण त्याचा उपयोग काय करायचा ते कळलं नाही.

हा कुत्रा आवारातून मधून कधीच जायचा नाही. त्याच्या कप्प्यासमोरच भाताचं भांडं ठेवलं तरी तो डावीकडे वळायचा, कंपाउंडच्या भिंतीकडेनं सगळा फेरा मारायचा आणि मग भांड्याशी यायचा. बाकीची कुत्री तोवर अर्धं खाऊन मोकळी.

“मार खाल्लेला दिसते, मॅडम,” शेल्टरमध्ये राहून सगळं बघणारे काका म्हणाले. “मोठ्या माणसाच्या पायातनं जायले भेते.”

आम्ही सगळे तेच धरून चाललो.

पहिलं घर अमरावतीतलंच, एका निवृत्त जोडप्याचं. चांगली माणसं. काही दिवसांनी दोघं रिक्षातून त्याला घेऊन परत आले. काकू ओशाळल्या होत्या. “तसा काहीच त्रास नाही हो त्याचा. पण दिवसभर भिंतीला धरून फिरते. पाहुणे आले की आमच्याकडंच पाहतात. शेजारीण तर तोंडावर म्हणाली, काहून मारता बिचाऱ्याले?”

दुसरं घर अकोल्याचं, मोठ्या हॉलचं. तिथून फोन आला, “याचे डोळे तपासले होते का?” आमच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासले. डोळे स्वच्छ, पाय स्वच्छ, कान स्वच्छ. तोही परत आला. त्यानंतर त्याला कोणी विचारेना. फोटो टाकावा तर प्रत्येक फोटोत हा भिंतीला चिकटून उभा. शिक्षा केल्यासारखा.

उन्हाळ्यात शेल्टरची फरशी उखडून नवी घालायची होती. प्रत्येकानं एकेक कुत्रं घरी न्यायचं ठरलं आणि हा माझ्या वाट्याला आला. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, तिसऱ्या मजल्यावर. माझा नवरा वकील, सासरेही वकील होते. घरात पुस्तकांची कपाटं फार.

“माझा एकच मुद्दा आहे,” नवरा म्हणाला. “कपाटांना लागून मी चालतो. तिथं आता हाही चालणार. तर आधी वाट कोणी सोडायची ते ठरवून घे.”

दुसऱ्या दिवशी मी त्याला फिरवायला गच्चीवर नेलं. दार उघडल्यावर लक्षात आलं की एप्रिल आहे. सगळ्या बिल्डिंगच्या बायकांनी जुन्या साड्या अंथरून कुरड्या, मिरच्या, गहू असं काय काय वाळत घातलं होतं. चौकोनाला लागून चौकोन, आणि मधे पाऊल मावेल एवढ्या फटी. दोरी हातातून सुटून तो पुढे गेलाही होता. वरच्या मजल्यावरची शेजारीण काठी घेऊन राखणीला बसली होती, ती उठली. “मॅडम, धरा त्याले. माही सकाळपासूनची मेहनत हाय.”

तो पहिल्या साडीपाशी थांबला. मग फटीत शिरला. सरळ गेला, काटकोनात वळला, पुन्हा सरळ, पुन्हा वळला. शेपूट वर उचलून धरलेली, कुठं लागू नये म्हणून. पलीकडच्या कठड्याशी पोचला तेव्हा एक कुरडईसुद्धा हलली नव्हती.

शेजारणीनं काठी खाली ठेवली. “हा तर माह्या सुनेपेक्षा बरा चालते.”

मी टाकीच्या पायरीवर बसले. ही चाल माझ्या ओळखीची होती.

माझं माहेर माळ्यांचं. अचलपूरच्या रस्त्याला आमचं शेत होतं, थोडी वांगी, थोडी मेथी आणि बाकी सगळी फुलं. शेवंती, गलांडा, झेंडू. रोपं लावली की वाफ्यात पाय पडता कामा नये, मग तो माणसाचा असो की कुत्र्याचा. बाबा प्रत्येक पिल्लाला एकच शब्द शिकवायचे, “धुऱ्यानं.” धुरा म्हणजे आमच्या वऱ्हाडात शेताचा बांध. आम्हा भावंडांनाही तोच शब्द होता आणि आवाजही तोच. पिल्लू आधी वाफ्यात उडी मारायचं, मग शब्द ऐकून परत धुऱ्यावर यायचं, आणि महिन्याभरात न सांगता धुऱ्यानंच चालायला लागायचं. फुलांचा तोडा संपून झाडं उपटली की बाबा मधोमध उभं राहून दुसरा शब्द म्हणायचे, “मोकळं हाय रे, ये.” की आम्ही आणि कुत्रं एकदमच सुटायचो, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. शेताचं लेआउट झालं, प्लॉट पडले. भावांबरोबर मीही सही केली, त्यात काही वाद नव्हता. त्या रस्त्यानं नंतर गेले नाही, कारण त्या बाजूला काही काम निघालं नाही. शब्दही राहून गेला. माझ्या घरात त्याचा उपयोग नव्हता. नवरा बांध म्हणतो, आणि तोही फक्त केसच्या कागदात.

गच्चीवर मी तो शब्द हळूच म्हणून पाहिला. “धुऱ्यानं.”

कुत्रा कठड्याशी उभा होता तो वळला. मुडपलेला कान उभा राहिला. आला तो फटीफटीतूनच, पण आता पळत, आणि माझ्यासमोर उभा राहून कमरेपासून मागचं सगळं अंग हलवायला लागला. इतक्या महिन्यांत त्यानं आमच्यापैकी कोणासमोर असं केलं नव्हतं.

म्हणजे त्याला कोणी मारलेलं नव्हतं. त्याला कोणीतरी नीट शिकवलेलं होतं. आमचं आवार, काकूंची बैठक, अकोल्याचा हॉल, हे सगळे त्याच्या लेखी वाफे होते आणि तो ते सांभाळत होता.

घरात आल्यावर मी हॉलच्या मधोमध उभी राहून बाबांचा दुसरा शब्दही म्हणून पाहिला. “मोकळं हाय रे, ये.” त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि कपाटांच्या कडेनं फेरा मारून माझ्या पाठीमागं येऊन बसला. हा शब्द त्याचा नव्हता. धुऱ्यावर ठेवायचा शब्द वऱ्हाडात दहा शेतांत एकच असेल, पण मोकळं करायचा शब्द ज्याचा त्याचा असतो. तो सैल गाठ मारून गेलेला माणूस कुत्रं ठेवून गेला, तो शब्द ठेवून गेला नाही.

फरशीचं काम संपलं. मी त्याला परत नेलं नाही. सकाळी फरशी पुसताना “धुऱ्यानं” म्हणायचे आणि तो कडेला सरकायचा. “मला म्हणतेस की त्याला?” नवरा विचारायचा आणि स्वतःही सरकायचा. सगळ्या अमरावतीत माझ्या बाबांचा शब्द कळणारा हा एकच जीव, आणि तो माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी पाय पसरून झोपायचा. शाळेतून येताना मी जिना जरा घाईनं चढायला लागले होते.

“ठेवून घे ना,” एक दिवस नवरा म्हणाला. “तुझं बोलणं कळणारं कोणीतरी आहे घरात.”

मी तो आठवडाभर दुसरा विचारच केला नाही. मग एका दुपारी तो सोफ्यामागून निघाला, टीव्हीखालून गेला, कपाटांच्या कडेनं बाल्कनीत पोचला, तिथून वळला आणि तसाच परत आला. फ्लॅटमध्ये त्याच्यासाठी भिंतच होती. मोकळं व्हायला इथं कधीच काही नव्हतं, कारण इथं काही उगवतच नाही. मी याहून लहान कारणांवर लोकांना नकार दिलेला आहे. घराला कुत्रं हवं आहे का हे मी कधी विचारत नाही, कुत्र्याला त्या घरात काय आहे ते विचारते. मग माझंच घर मी दुसऱ्याचं असल्यासारखं पाहिलं, आणि नापास केलं.

त्याच महिन्यात कामानं अकोल्याला गेले, ते काम उरकून सरळ फुलबाजारात गेले आणि विकायला बसलेल्या बायकांना विचारलं, धुऱ्यानं चालणारा कुत्रा कोणाला हवा आहे का.

“काहो मॅडम, कुत्र्यासाठी स्थळ पाहून राहिल्या का?” एकीनं विचारलं. सगळ्या हसल्या.

पण एक बाई, माझ्याच वयाची, पोतं झटकता झटकता थांबली. “खरंच धुऱ्यानं चालते? मंग आमच्या माणसाइले बी शिकवा म्हना.” तिचा जुना कुत्रा थंडीत गेला होता. रोही, म्हणजे नीलगाई, आणि डुकरं येऊन वाफे तुडवत होती, आणि नवीन पिल्लू आणलं तर रोपं आधी तेच तुडवणार. तिचं शेत मूर्तिजापूरच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच. मी घर पाहिलं, विहीर पाहिली, गोठ्यातली सावली पाहिली. नापास करायला काही सापडलं नाही. थोडं शोधलंही.

जूनमध्ये त्याला पोचवला. वाफे तयार होते, झेंडूची रोपं लागत होती. ऑटोतून उतरला, धुऱ्यावर चढला आणि न थांबता सगळ्या शेताला एक फेरा मारून आला. मग पाणी प्यायला.

“घ्या,” ती बाई म्हणाली. “मोजणी करून आले साहेब.”

महिन्यानं एक फोन करायचा हा माझा नियम. मी पंधरवड्यात तीन केले. तिसऱ्याला ती म्हणाली, “बाई, पोरगी सासरी धाडल्यावानी कावून फोन करून रायल्या तुमी? मस्त हाय तो.” मग मी बंद केले.

दिवाळी झाल्यावर तिचाच फोन आला. झेंडू संपला, झाडं उपटून झाली, वावर खाली झालं, तरी हा अजून फेरा मारूनच येतो. “मी बलावलं, पोराइनं बलावलं. मधात येत नाई. पाह्यणाऱ्याले वाटन याले पायच नाई टेकवता येत. तुमाले त्याचा शब्द मालूम असन तं सांगा.”

मला मालूम नव्हता. तसं फोनवर सांगता आलं असतं. मी म्हटलं, येते.

शेत मोकळं पडलं होतं, उलथलेली काळी माती आणि कडेला वाळक्या झाडांचा ढीग. मला पाहून तो धुऱ्याधुऱ्यानं पळत आला, पायाशी घोटाळला, हात चाटले. अंगानं भरला होता. मी शेताच्या आत दोन पावलं जाऊन उभी राहिले आणि बाबा म्हणायचे तसंच म्हटलं, “मोकळं हाय रे, ये.”

तो धुऱ्यावर बसला.

पुन्हा म्हटलं. आवाज बाबांसारखा जड करून पाहिला. त्यानं कान उभा केला, मान तिरकी केली, आणि बसूनच राहिला. ती बाई तिकडे विळा धुवायला लागली, म्हणजे मला पुन्हा म्हणता यावं. मी म्हटलंही.

नंतर तिनं शेताच्या मधोमध, उपटलेल्या वाफ्यावर बसून किटलीतला चहा ओतला आणि मला हाक मारली. मी निघाले आणि अर्ध्यात आले तेव्हा ती हसायला लागली. “आवं, मधून या ना सरळ. काही नाई आता तिथं. तुमी बी तशाच.” मी धुऱ्यानं चालले होते, आणि तो माझ्या पुढं.

चहा झाला. बसची वेळ होत आली होती. तो मला पोचवायला धुऱ्यानं रस्त्यापर्यंत आला. कोपऱ्यावर धुरा संपतो आणि डांबर सुरू होतं. तिथं तो थांबला आणि मीही थांबले. मला तेव्हा एवढंच हवं होतं की त्यानं ते एक पाऊल डांबरावर टाकावं. टाकलं असतं तर मी काय केलं असतं, याचा हिशेब मी केला नाही.

मागून, शेताच्या मधून, तिनं भाकरीचं फडकं सोडलं आणि ओरडली, “ओ साहेब, जेवता का दिसभर मोजणीच करता?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. आणि धुऱ्यावरून खाली उडी मारून तो मधून सुटला, सरळ, माती उडवत. ती खाली मान घालून भाकर मोडत होती. तो येऊन धडकला तेव्हा “हळू बे” म्हणाली. काय झालं ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

बस आली. खिडकीची जागा मिळाली, पण ती दुसऱ्या बाजूची होती.