आईची मिश्री, माझी सिगारेट

माझी आई साठ वर्षं मिश्री लावत होती आणि मी छत्तीस वर्षं सिगारेट ओढत होतो, त्यामुळे आमच्या घरात कोणी कोणाला नावं ठेवायची सोय नव्हती. सकाळी उठलं की ती डबी शोधायची आणि मी लायटर. आमच्या दोघांच्या मधून बायको चहाचा ट्रे घेऊन जायची आणि जाता जाता खिडक्या उघडायची.

आई नामपूरची. वडील गेल्यावर मी तिला नाशिकला, सिडकोतल्या आमच्या फ्लॅटवर आणलं. विकतची मिश्री तिला चालत नसे. तंबाखू आणून ती तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजायची, हाताने चुरडायची आणि गोल डबीत भरून ठेवायची. गावी हे सगळं अंगणात चालायचं. इथे चौथ्या मजल्यावर तिने पहिल्यांदा गॅसवर तंबाखू भाजली तेव्हा समोरच्या घरातले लोक आग लागली समजून बादली घेऊन आले. आई ठसकत ठसकत त्यांना म्हणाली, "काही नही, मिश्री शे." तेवढ्याने त्यांचं समाधान होईल अशी तिची समजूत होती.

एकदा तिची हिरडी दुखायला लागली म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा होता. डॉक्टर म्हणाले, "आजी, मिश्री आजपासून बंद. आत्ता थांबलात तर हे वाढणार नाही." आईने मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं. "मन्हं ठीक शे. यान्हा खिसामा काय शे, ते बी इचारा." डॉक्टर हसले. मी खिशावर हात ठेवला.

मला ती भाऊ म्हणायची. परत येताना रिक्षात म्हणाली, "भाऊ, तू सोड, मी बी सोडसू. मन्हा एकलीकडथून व्हनार नही."

मी हो म्हणालो. खरंच मनापासून म्हणालो, हे मला आजही स्वतःला सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याच्या घंटागाडीचं गाणं ऐकू आलं तशी आई कठडा धरून चार मजले उतरली. गाडीपाशी जाऊन तिने डबी उपडी केली, बोटाने कडेची मिश्रीसुद्धा खरवडून टाकली आणि वर डबीही टाकली. मी तिच्या शेजारी उभं राहून पाकिटातल्या अकराच्या अकरा सिगारेटी मोडल्या. गाडीवरचा माणूस म्हणाला, "वा, मावशी."

माझं हे नाटक दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटबाहेरच्या टपरीवर मी एक मागितली. एकच ओढायची, घरी ओढायची नाही, म्हणजे वचन तसं अर्धंमुर्धं पाळल्यासारखंच, असा हिशेब मी केला. आठवड्याभरात एकाच्या पाच झाल्या. वास जावा म्हणून मी पेरूची पानं चघळत असे. खरं तर त्याचीही गरज नव्हती. साठ वर्षांच्या मिश्रीने आईचं नाक केव्हाच बधिर झालं होतं. तिला वरण करपल्याचाही वास येत नसे.

आणि तिकडे ती खरोखर सोडत होती. सकाळी तिचं पोट साफ होईना. डोकं ठणकायचं. गॅलरीत बसल्या बसल्या तिचं बोट आपोआप तोंडात जायचं, मग लक्षात आल्यावर ती ते पदराला पुसायची. कधी मीठ लावायची, कधी नुसतंच हिरडीवर बोट फिरवत बसायची. चिडायची, भांडी आपटायची, दुपारी पडल्या पडल्या रडायची. मी विचारलं की म्हणायची, "तुले बी असंच व्हत व्हई ना रे?" मी मान हलवायचो. एवढा निर्लज्ज मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या बाबतीत झालेलो नाही.

वर तिने फोन करून सगळ्या गावाला सांगितलं. मन्हा पोऱ्यानी सिगरेट सोडी दिधी. नामपूरहून कोणी आलं की माझं कौतुक व्हायचं आणि मी मोठ्या विनयाने म्हणायचो, "आईमुळे जमलं."

बायकोला कळलं होतं. माझे शर्ट तीच धुवायला टाकायची. एक दिवस ती शर्ट हातात घेऊन उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "आईंना मी सांगणार नाही. त्या खचतील. पण तुम्ही सोडली असं माझ्यासमोर पुन्हा म्हणू नका." मी म्हणालो नाही. ओढायचीही थांबवली नाही.

असं सव्वा वर्ष गेलं. गालातला चट्टा जवळजवळ गेला. मग एका पावसाळ्यात तिला धाप लागायला लागली. हृदय थकलंय, छातीत पाणी झालंय, असं सांगून दवाखान्यात दाखल करून घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी खाली जाऊन एक ओढली, बडीशेप तोंडात टाकली आणि वर आलो. आई जागी होती. नाकात ऑक्सिजनची नळी होती. तिने मला जवळ बोलावलं आणि लहान मुलासारखं इकडेतिकडे पाहत म्हणाली, "भाऊ, चिमूटभर मिश्री आनशील का रे? तोंड कडू व्हई गयं. नुसती हिरडीले लावसू."

मी काय म्हणालो ते मला शब्द न् शब्द आठवतं. "आई, आपलं ठरलंय ना? मी पाळतोय, तूही पाळ."

तिने चादरीवर पुढे केलेला हात मागे घेतला. "बरं," म्हणाली. नंतर मागितली नाही. चौथ्या दिवशी माझी थोरली बहीण नामपूरहून आली आणि तिच्यापाशी बसली. पाचव्या दिवशी सकाळी आई गेली.

दहाव्याला आम्ही रामकुंडावर होतो. गावाकडून दोन गाड्या भरून माणसं आली होती. पिंड मांडला. शेजारी तिला आवडणारी शेव आणि चहा ठेवला. नदीकाठचे कावळे तसे रोजचे जेवायला सोकावलेले, पण आमच्या पिंडाकडे एकही फिरकेना. एक आला, कठड्यावर बसला, मान वाकडी करून पाहिलं आणि शेजारच्यांच्या पिंडावर गेला. तेव्हा ताईने कमरेची डबी काढली, कारण मिश्री तीही लावते, आणि चिमूटभर पिंडापाशी ठेवली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. सगळे म्हणाले, हं, आता शिवेल. नाही शिवला.

मग रीतीप्रमाणे एकेक जण पुढे होऊन हात जोडून बोलू लागला. मेहुणे म्हणाले, तुमच्या लेकीला सुखात ठेवू. बायको म्हणाली, तुमचे देव मी सांभाळीन. नुसती वाट पाहणं चाललं होतं. गुरुजींना पुढचं काम होतं, ते म्हणाले, "मुलाने बोलावं. आईचं मन कशात अडकलं असेल ते मुलाला ठाऊक असतं."

मला ठाऊक होतं. मी पुढे झालो. आई, आजपासून सिगारेट खरंच सोडतो, एवढं मोठ्याने म्हणायचं होतं. पण माझ्यामागे उभ्या असलेल्या चाळीस माणसांना आईनेच फोन करून सांगितलं होतं की मी कधीच सोडली. बायको खाली पाहत होती. मी हात जोडले आणि म्हणालो, "ताईला कधी अंतर देणार नाही."

कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. कावळ्यांवर माझा विश्वास आहे असं मी म्हणणार नाही. त्यांची पोटं भरलेली असतील. पण मी बोललो नाही, ही गोष्ट कावळ्यांवर ढकलता येत नाही. त्याच दुपारी गाड्या उभ्या होत्या तिथे मागे जाऊन, भादरलेलं डोकं टोपीत लपवून, मी सिगारेट ओढली. निम्मी झाल्यावर मला हुंदका आला आणि मी धुरासकट ठसकलो.

तेराव्यानंतर बायकोला म्हणालो, "मला सुटत नाहीये. मदत कर." इतक्या वर्षांत मदत हा शब्द मी तिच्याशी वापरलेला नव्हता. तिने शहाणपणा शिकवला नाही. दुसऱ्याच दिवशी ती माझ्याबरोबर टपरीवर आली आणि टपरीवाल्याला म्हणाली, "भाऊ, यांना सिगारेट देऊ नका." तो बिचारा इतका ओशाळला की त्याने मला फुकट आवळासुपारी दिली. पुढे मी दोन-तीनदा त्याच्यावर डाफरलो, दुकानदारी करतोस की कीर्तन, असंही म्हणालो. त्याने ऐकून घेतलं आणि दिली मात्र नाही. माझ्याबरोबर वीस वर्षं ओढणारा कंपनीतला मित्र सुट्टीच्या वेळेला गेटबाहेर जायचा थांबला आणि माझ्याबरोबर कँटीनमध्ये शेंगदाणे खात बसायला लागला. सरकारी दवाखान्यात व्यसन सोडवायला मदत करणाऱ्या एक बाई बसत. दर मंगळवारी बायको मला तिथे नेऊन बसवायची आणि स्वतः बाहेर बाकावर भाजी निवडत बसायची.

दुसऱ्या महिन्यात मी घसरलो. एका लग्नात दोन ओढल्या. घरी येऊन आधी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "सांगितलंत ना, झालं. उद्यापासून पुन्हा." मी लहान पोरासारखा रडलो. आईलाही मी इतक्याच सहज सांगू शकलो असतो. तीही हेच म्हणाली असती.

त्या मंगळवारी मी दवाखान्यातल्या बाईंना मिश्रीचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ज्यांच्याशी खोटं बोललात त्यांना सांगून टाका." मी म्हणालो, आई नाही आता. "मग त्यांच्या वतीने ऐकून घेईल असं कोणी आहे का?"

ताई होती. टपरीवाल्याने पहिल्यांदा सिगारेट नाकारल्याला सहा महिने झाले तेव्हा मी एसटीने नामपूरला गेलो. दुपारची वेळ होती. ताई कांदे साठवायच्या चाळीत बसून ते निवडत होती, सडका बाजूला, चांगला बाजूला. मीही शेजारी बसून निवडायला लागलो आणि मान वर न करता सगळं सांगितलं. घंटागाडी, टपरी, पेरूची पानं, दवाखान्यातलं ते वाक्य, रामकुंड. ती निवडत राहिली. सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, "ताई, आईला कळलं असेल ना गं? तिला सगळं कळायचं."

मला हो ऐकायचं होतं. कळलं असेल तर तिने पोटात घातलं असेल, एवढीच माझी आशा होती.

ताईने हातातला कांदा खाली ठेवला. "नही भाऊ. तिले काहीच माहीत नव्हतं."

मग तिने सांगितलं. चौथ्या दिवशी, मी औषधं आणायला खाली गेलो असताना, आई तिच्यापाशी बोलली होती. ताईला वाटलं होतं दहाव्याला सांगावं, पण माझा चेहरा पाहून तिने ते मनातच ठेवलं आणि पिंडापाशी मिश्री ठेवली.

"माय म्हने," ताई म्हणाली, "पोऱ्यानी मन्हासाठे इतला वरीसनी सवय सोडी दिधी, आनि मीच मिश्री मांगी. त्याले किती वाईट वाटनं व्हई. त्याले सांगजो, मन्हं चुकनं."