दार बंद, दोनदा

माझी नवी गाडी मी थोरल्या भावाला वापरायला दिली, तेव्हा घरात फार दानशूर ठरलो. “अकोल्यात ठेवायला जागा नाही दादा, गावी तूच फिरव,” असं तोंडानं म्हणालो. खरं कारण मोबाइलमध्ये होतं. गाडी इंटरनेटला जोडलेली. ती कुठे उभी आहे, इंजिन चालू की बंद, दार लावलं की उघडं, सगळं मला बसल्या जागी दिसायचं. आणि मला गाडी बघायची नव्हती, दादा बघायचा होता.

सलग दुसऱ्या वर्षी बोंडअळीनं कपाशी खाल्ली, तेव्हापासून दादा बोलेनासा झाला होता. भातकुलीकडच्या आमच्या शेतात जायचा आणि विहिरीच्या काठावर नुसता बसून राहायचा. आसपासच्या गावांतून तेव्हा ज्या बातम्या येत, त्यामुळे गावचा फोन वाजला की मी आधी दादाचं विचारायचो. संध्याकाळी गाडीचा निळा ठिपका घरापाशी दिसला, ‘दार बंद’ असा संदेश आला, की मला जेवण जायचं. जरा जास्तच जायचं, ते पोटावरून दिसतंच. तो संदेश रोज दोनदा यायचा. बिघाड असेल म्हणून मी तक्रारही नोंदवली होती.

त्या दसऱ्याला कंबर धरल्यामुळे मी गावी गेलो नव्हतो. दुपारी गरम पाण्याची पिशवी बांधून पडलो होतो, तर मोबाइल किंचाळला. लाल अक्षरं : वाहनातून मदतीची हाक. नकाशावर आमचं शेत. ठिपका विहिरीला टेकलेला. इंजिन चालू. चालकाचं दार उघडं.

‘दार उघडं’ वाचलं आणि कंबर विसरून उठलो. दादाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा. वहिनीचा बंद. बायको विचारत होती, “अहो, काय झालं?” मी बूट शोधत होतो. एका पायात माझा बूट, दुसऱ्यात तिची चप्पल, कमरेला पिशवी, असा मी जिन्यात पोचलो.

तेवढ्यात अनोळखी नंबर. मदत केंद्रातली मुलगी होती. “सर, गाडीत एक आजी बोलतायत. आम्हाला नीट कळत नाहीये. जोडून देऊ?”

मग आईचा आवाज आला. “अवो माय, तू हाय कुठं? वरून बोलून राहिली, पन दिसत तं नाही!”

“आई! दादा कुठंय?”

“आता हा कोन बोलून राहिला?”

“मी आहे, मी! दादा कुठंय?”

“विहिरीवर गेला.”

त्या एका क्षणात मी काय काय पाहिलं, ते लिहीत नाही. “कावून?” एवढंच कसंबसं निघालं.

“कावून म्हंजे? पूजेले पानी नको?”

दसऱ्याला आमच्याकडे औजारांची पूजा शेतात, विहिरीवरच्या मोटरपंपाजवळ होते. जन्मभर त्या पूजेचा प्रसाद खाल्लेला मी, हेच विसरलो होतो. यंदा आईनं गाडीलाही औजारांत बसवलं होतं. “चाकाले कुंकू लावलं, आतल्या टीव्हीले लावलं. वर एक लाल बटन दिसलं, त्याले लावलं. बोट जरा दाबल्या गेलं असन. तं हे पोरगी बोलाले लागली.”

मागून दादाचा आवाज आला. “काय झालं बे?”

“फोन का उचलत नाहीस?”

“घरी राह्यला.”

आणि मी, पन्नाशीचा माणूस, जिन्यात बसून हमसून रडायला लागलो. दादानं विचारलं,

“ठिपका पाहून राहिला होता ना?”

“कोणता ठिपका?”

“पागल समजतं काय मले? दार लावलं का तुले मेसेज जाते, हे पयल्याच हप्त्यात समजलं मले. म्हणून तं घरी आलो का दोनदा लावतो. एकदा गाडीसाठी, एकदा तुह्यासाठी.”

दुसऱ्या दिवशी मी फोन करून ती बिघाडाची तक्रार मागे घेतली.