मुळशीच्या गोठ्यातलं विमान

चार माणसं दर रविवारी एकाच कामाला जमली, की काम पुढे सरको न सरको, किस्से मात्र साठत जातात. आमचं काम होतं गंज घासायचं.

माझा मित्र बापट पुण्यातल्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर ड्रॉइंग काढायचा. फ्लाइंग क्लबमध्ये तो विमान चालवायला शिकला होता, आणि आता त्याला स्वतःचं विमान बांधायचं होतं. लष्कराच्या भंगारातून त्याने एक सांगाडा आणला. नुसत्या पोलादी नळ्या, एकमेकींना जोडलेल्या. त्याच्या दोन खोल्यांत तो मावणार कुठे? त्याच्याकडे तांदूळ घेऊन येणारे मुळशीचे धोंडिबा म्हणाले, "आमच्या गोठ्यात ठेवा की. म्हशी काय न्हाई म्हणायच्या न्हाईत."

बापट, मी आणि कारखान्यातले आणखी दोन मित्र सांगाडा उतरवत असताना धोंडिबांनी नळीवरून बोट फिरवलं. बोट लाल झालं.

"साहेब, ह्याला तर तांबेरा पडलाय."

पिकावरच्या रोगाचं नाव. पण त्या दिवसापासून आम्हीही गंजाला तांबेराच म्हणायला लागलो.

*

वायर ब्रश, पॉलिश पेपर आणि रॉकेलचा बोळा. घासताना असा आवाज व्हायचा की दात शिवशिवायचे. पहिल्याच रविवारी म्हशीनं पान्हा चोरला. आम्ही ओशाळून हौसाबाईंना म्हणालो, "आम्ही दुसरीकडे जागा बघतो."

धोंडिबांच्या या पत्नी, कमी बोलणाऱ्या. म्हणाल्या, "तुमी कुटं जाता? म्हसच बाहेर बांधलीय. तिला आंब्याची सावली हाय. तुमच्या पायपांना काय हाय?"

*

मुळशीची हवा ओली. घासून चकचकीत केलेली नळी तशीच सोडली, तर पुढच्या रविवारी पुन्हा लाल. म्हणून जेवढं घासायचं, तेवढ्यावर त्याच दिवशी प्रायमर मारायचा.

एकदा धरणावरचं धुकं थेट गोठ्यात शिरलं. प्रायमर वाळेना. आम्हाला मदत म्हणून धोंडिबा पेटती शेगडी घेऊन आले. थिनरचा डबा उघडा होता. बापट अगदी हळू आवाजात म्हणाला, "धोंडिबा, आहात तिथूनच मागं फिरा."

ते फिरले. थोड्या वेळाने नवरा-बायको घरातल्या सगळ्या गोधड्या घेऊन आले आणि गोठ्याभोवती बांधल्या. वारा अडला, प्रायमर वाळला. गोधड्यांना मात्र थिनरचा वास लागला. पुढच्या खेपेला बापट माफी मागायला गेला, तर हौसाबाई म्हणाल्या, "ढेकणं गेली समदी. अजून हाय का ते औषध?"

*

प्रायमर पिवळाधमक होता. सगळा सांगाडा रंगवून झाल्यावर वाटेने जाणाऱ्या बायका थांबून म्हणाल्या, "हळद तर लागली. लगीन कवा?"

बापट गंभीरपणे म्हणाला, "सरकारनं परवाना दिला की लगेच."

*

त्याआधीची एक गोष्ट राहिली. एका रविवारी बापटाची बायको, मालतीवहिनी, आमच्याबरोबर एसटीने आली. आम्हाला वाटलं, आता हे सगळं बंद पडणार. तिने पदर खोचला आणि पॉलिश पेपर मागून घेतला.

"यात बसणार आहे माझा नवरा. बसायच्या जागेखालचं मीच घासणार."

दुपारी तिने हाक मारली. घासलेल्या नळीवर बारीक काळे खड्डे होते. बापटाने दाभण टेकवून जोर दिला. दाभण आरपार गेलं.

बापटाने करवत घेतली, ती नळी कापून काढली आणि मग म्हणाला, "वहिनींना चहा द्या कोणीतरी." स्वतःच्या बायकोला वहिनी म्हणाला, ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

त्या दिवशी ती आली नसती तर, हा विचार मी अजूनही पुरता करू शकत नाही.

*

नवी नळी बसली, सांगाडा पुण्याला गेला, कापड चढलं, इंजिन आलं, परवानाही आला. बापट पुण्याहून उडाला आणि धरणावरून एक गिरकी घेऊन सुखरूप परतला. पुढच्या रविवारी आम्ही पेढे घेऊन मुळशीला गेलो. धोंडिबांनी विमान कसं वळलं ते हात पसरून दाखवलं. विमान वरून गेलं तेव्हा हौसाबाई खाचरात भात कापत होत्या म्हणे.

बापटाने विचारलं, "हौसाबाई, तुम्हाला कसं दिसलं?"

"म्या न्हाई बघितलं."

"का हो?"

"आवाज ऐकत हुते. थांबला असता, तर वर बघितलं असतं."