हॅनोव्हरच्या फलाटावरची फिर्याद

पोलीस खात्यातल्या आठवणी सांगा म्हटलं की लोकांना खून-दरोडे हवे असतात. तेही हाताळले, भरपूर हाताळले. पण मनातून जाता जात नाही ती घटना माझ्या हद्दीत घडलीच नव्हती. तिची नोंद माझ्या कुठल्याही स्टेशन डायरीत नाही. घडली ती जर्मनीत, आणि तीसुद्धा मी रजेवर असताना. कोणाचंही नाव लिहीत नाही, कारण त्यातले सगळे जण अजून आहेत.

मी तेव्हा पोलीस निरीक्षक होतो. मुलगी आणि जावई हॅनोव्हरला नोकरी करत. मुलीच्या बाळंतपणासाठी बायको दोन महिने आधीच गेली होती. मी अर्जित रजा टाकली, परदेशी जायच्या परवानगीसाठी तीन टेबलांवर हेलपाटे घातले आणि एकदाचा पोचलो. पहिला आठवडा बरा गेला. मग हात शिवशिवायला लागले. नातू झोपायचा, मुलगी-जावई कामाला जायचे आणि मी खिडकीतून सायकलवाले मोजत बसायचो.

अशात माझा भाचा यायचा होता. धाकट्या बहिणीचा मुलगा, इंजिनिअरिंगची परीक्षा देऊन मोकळा झालेला. पाठीवर बिऱ्हाड बांधून महिनाभर युरोपात भटकत होता. शेवटचे चार दिवस आमच्याकडे काढून फ्रँकफर्टहून विमान पकडायचं, असा बेत. दुपारी बाराला पोचणार होता. उगवला चार वाजता. अंगावर टी-शर्ट, घामाघूम, पाठ रिकामी.

"मामा, बॅग चोरीला गेली," तो म्हणाला. "पासपोर्ट, तिकीट, सगळं त्यातच होतं."

पत्त्याचा कागदही बॅगेतच गेला होता. रस्त्याचं अर्धवट नाव आठवत तो उलट्या दिशेच्या ट्रॅममध्ये बसला आणि शहराच्या टोकाला जाऊन परत आला. बायकोनं त्याला पोहे दिले. तो घास घेईना. मी समोर खुर्ची ओढली. खरं सांगतो, मला बरं वाटलं. आठ दिवसांनी कोणीतरी माझ्याकडे फिर्याद घेऊन आलं होतं.

त्यानं सांगितलं ते असं. फ्रँकफर्टहून येताना गाडीत शेजारी एक मराठी गृहस्थ भेटले. पन्नाशीचे, नाशिककडचे सुतार. मुंबईच्या एका कंत्राटदाराबरोबर आलेले, हॅनोव्हरच्या प्रदर्शनात स्टॉल उभारायच्या कामावर. फ्रँकफर्टचं काहीतरी काम उरकून मागाहून एकटेच येत होते. गप्पा झाल्या, चिवडा खाल्ला. हॅनोव्हरला दोघं बरोबरच उतरले. भाच्यानं बॅग फलाटावर ठेवली, "काका, जरा लक्ष ठेवा" म्हणून तो भिंतीवरचा शहराचा नकाशा पाहायला गेला. परत आला तर काकाही नाहीत आणि बॅगही नाही.

"चेहरा ओळखशील?"

"हो मामा."

मला एवढं पुरे होतं. परमुलखात मराठी ऐकू आलं की आपण त्या माणसाच्या हाती काहीही सोपवतो, आणि असं सोपवणारे कसे नागवले जातात हे मी उभ्या नोकरीत पाहिलेलं. तपासाची दिशा माझ्या डोक्यात तिथंच ठरली.

मुलगी ऑफिसातून आल्यावर आम्ही स्टेशनजवळच्या पोलीस चौकीत गेलो. तिथला अंमलदार तरुण होता. टेबलावर एक कागद, एक पेन, बस्स. त्यानं बॅगेचा रंग विचारला, बंदांची संख्या विचारली, मग विचारलं, कुठल्या डब्यातून उतरलास? भाचा म्हणाला, आठवत नाही. मुलीनं जर्मनमध्ये तेच सांगितलं. अंमलदार पेन थांबवून त्याच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला की एक-दोन दिवस थांबा, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर चौकशी करा, पुष्कळ वस्तू सापडतात.

मी मुलीला म्हटलं, "याला सांग, ही हरवलेली वस्तू नाही, चोरी आहे. संशयित माहीत आहे."

"बाबा, संशयित म्हणजे कोण? नावही माहीत नाही आपल्याला," ती म्हणाली. "आल्झो, म्हणजे असं की, एखाद्याचं नाव घ्यायचं तर इथे ते लेखी द्यावं लागतं."

मी दिलं नाही. मनात म्हटलं, यांना काय कळतंय, उद्या मीच शोधतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला घेऊन प्रदर्शनाच्या मैदानावर गेलो. प्रदर्शन सुरू व्हायचं होतं, आत नुसती ठोकाठोक. दारावर अडवलं. मी तिथल्या एका भारतीय पोराला चिठ्ठी देऊन कंत्राटदाराला बाहेर बोलावलं. चिठ्ठीत माझं नाव आणि हुद्दा लिहिला. हुद्दा लिहायची काही गरज नव्हती, पण लिहिला.

कंत्राटदार धावतच आला. "साहेब, काय झालं?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "आहे माझ्याकडे असा माणूस. काल दुपारी यायचा होता, संध्याकाळी आला. का उशीर झाला विचारलं तर नीट सांगेना."

माझ्या मनातली उरलीसुरली शंकाही फिटली.

सुतारकाका आले. हातावर भुसा, कानावर पेन्सिल. भाच्याला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "अरे, तू सापडलास का बाबा? बॅग मिळाली?"

चोर असा हसत पुढे येत नाही, हे मला कळायला हवं होतं. पण मी काय म्हटलं मनात, तर मुरलेला दिसतोय.

बाकड्यावर बसवून मी त्यांचा जबाब घेतला. जबाब कसला, उलटतपासणीच. ते म्हणाले, "साहेब, पोरानं बॅग बाजूच्या सीटवर टाकली. म्हणाला, काका जागा धरा, आलोच. मधल्या एका ठेसनावर उतरला तो परत आलाच नाही. मला वाटलं, दुसऱ्या दारानं चढून संडासात गेला असंल. हॅनोव्हर आलं तरी पत्ता नाही. आता दुसऱ्याची बॅग टाकून उतरू कसा? आणि घेऊन उतरलो तर लोक काय म्हणतील? दाराशी जाऊन हाका मारल्या. तेवढ्यात दार लागलं. गाडी मधूनच तुटली साहेब, आमची अर्धीच पुढं निघाली."

"गाडी तुटली?" मी विचारलं.

"हो. पार हँबर्गला गेलो मी. तिथं ठेसनावरच्या वर्दीवाल्या बाईकडं बॅग दिली, तिनं मला परतीच्या गाडीत बसवून दिलं."

"पावती?"

"पावती मागायची मला काय ठावं?"

"मग काल मालकाला का नाही सांगितलंस?"

त्यांनी मान खाली घातली. "ठेसन चुकलो म्हटलं असतं तर मालक म्हणाले असते, याला पुन्हा आणायचा नाही."

मी भाच्याकडे वळलो. "बाळ, तू मधे कुठे उतरला होतास?"

"नाही मामा. आम्ही हॅनोव्हरलाच उतरलो, दोघं."

दोन जबाब, एक खरा, एक खोटा. एक माझ्या बहिणीच्या मुलाचा. दुसरा अशा माणसाचा, ज्याच्याकडे पावती नाही, जो उशिरा आला, ज्यानं मालकापासून लपवलं आणि जो गाडी मधूनच तुटल्याचं सांगतो. मी त्यांना अहो-जाहोसुद्धा केलं नव्हतं, हे आज लिहिताना लक्षात येतंय. भाचा मात्र माझ्या प्रत्येक वाक्यात बाळ होता.

निघताना कंत्राटदाराला बाजूला घेऊन मी म्हटलं, "यानं बॅग कुठेतरी पार केलेली दिसतेय. नजर ठेवा. त्याचा पासपोर्ट त्याच्या हातात देऊ नका." सुतारकाका लांबून पाहत होते. त्यांना ऐकू गेलं नसेल, पण कळलं असणार.

दुपारी मुलगी घरूनच काम करत होती. मी तिला सगळं ऐकवलं, जरा ऐटीतच. ती बाळाला थोपटत ऐकत होती. गाडी तुटल्याचं सांगून मी हसलो, तेव्हा ती हसली नाही.

"बाबा, इथे गाड्या तुटतात," ती म्हणाली. "दोन गाड्या जोडून आणतात. हॅनोव्हरला सोडवतात, एक हँबर्गला जाते, दुसरी ब्रेमनला. आणि धावत्या गाडीत एकीतून दुसरीत जाता येत नाही, मधे वाटच नसते."

घटनास्थळ न पाहता मी संशयित ठरवून बसलो होतो. हाताखालच्या एखाद्या फौजदारानं असं केलं असतं तर मी त्याला फैलावर घेतलं असतं.

तिसऱ्या दिवशी, त्याच वेळी, भाच्याला घेऊन मी आणि मुलगी स्टेशनवर गेलो. म्हटलं, दाखव, बॅग कुठे ठेवली होतीस. त्यानं एक बाकडं दाखवलं. मी विचारलं, नकाशा कुठे? तो इकडे-तिकडे पाहायला लागला. फलाटाच्या त्या भागात भिंतच नव्हती. तेवढ्यात गाडी आली, लांबलचक. माणसं उतरली, चढली. मग माझ्या डोळ्यांदेखत ती मधोमध सुटली आणि पुढचा अर्धा भाग निघून गेला. मागचा तसाच उभा.

"कुठल्या भागातून उतरलास?" मी विचारलं. आवाज चढवला नाही. चढवायची गरज नसते अशा वेळी.

त्यानं मागच्या भागाकडे बोट केलं.

"आणि बॅग?"

तो म्हणाला, "मामा, मी मधे सिगरेट ओढायला उतरलो होतो. गाडीत ओढू देत नाहीत. शिट्टी झाली म्हणून दिसेल त्या दारात शिरलो. म्हटलं आतून चालत जाईन, तर रस्ताच नव्हता. इथे उतरून पुढे पळालो, तोवर पुढची गाडी गेली होती. मला खरंच वाटलं, काका बॅग घेऊन उतरले आणि गेले."

"मग हे मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सिगरेटचं कळलं असतं. तुम्ही आईला सांगितलं असतं."

मुलगी पुटपुटली, "गेनाऊ. बरोब्बर, एवढ्यासाठी."

बॅग सीटवर टाकून जागा धरायची आणि खाली उतरायचं, ही आपली एसटीतली सवय. सिगरेट वडीलधाऱ्यांपासून लपवायची, हीही आपलीच सवय. दोन्हींत गुन्हा काही नाही. पण त्यांच्या मधल्या फटीत एक माणूस सापडला होता.

मुलीनं तिथूनच हँबर्गच्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीला फोन लावला. बॅग होती. पासपोर्ट, तिकीट, सगळं जागेवर. आणून देणाऱ्याचं नाव त्यांनी लिहून घेतलेलं होतं. मुलीनं ते फोनवर ऐकून मला सांगितलं. मी मैदानावर गेलो होतो, तासभर उलटतपासणी घेतली होती, आणि त्या माणसाचं पूर्ण नाव मला आत्ता कळत होतं.

मी लगेच कंत्राटदाराला फोन केला.

"साहेब, त्याला आज सकाळच्या विमानानं पाठवला," तो म्हणाला. "प्रदर्शनात पोलिसांचं लफडं नको. तुम्हीच म्हणालात ना, बॅग यानंच पार केली."

हो, मीच म्हणालो होतो. लेखी काही दिलं नव्हतं, म्हणून मागे घ्यायलाही काही नव्हतं.

भाचा वेळेवर विमानात बसला. मी महिनाभरानं परतलो. पहिल्याच रविवारी त्याला गाडीत घातला आणि कंत्राटदाराकडून पत्ता घेऊन नाशिक जिल्ह्यातलं ते गाव गाठलं. वाटेत तो म्हणाला, "मामा, मी फोनवर सॉरी म्हणतो ना." मी म्हटलं, फोनवरच तर मी सगळं निस्तरायला गेलो होतो.

सुतारकाका घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये रंधा मारत होते. आम्हाला पाहून थांबले. चहा सांगितला. भाच्याला विचारलं, "पासपोर्ट गावला ना रे? मला तीच काळजी होती." भाचा त्यांच्या पाया पडला आणि रडायला लागला. मी हात जोडले. वर्दीत असताना कोणापुढे जोडले नव्हते, असं म्हणणार नाही, पण अशा कारणासाठी नाही.

"अहो, तुमचं नुकसान झालं, ते मी भरून देतो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "पैशाचं नाही साहेब. दोन महिन्यांसाठी गेलो नि पंधरा दिवसांत परत आलो. कंत्राटदाराच्या दुसऱ्या माणसानं इथं फोन करून सांगितलं, पोलिसानं पकडला म्हणून. पोरीचं लग्न ठरत आलं होतं, पाव्हणे थांबलेत." मग ते म्हणाले, "तुम्ही एक कागद लिहून द्या. मी चोरी केली नाही म्हणून. तुमच्या सहीचा."

हजारो कागदांवर मी सही केली आहे. अटकेचा पंचनामा, मुद्देमालाची यादी, जामीन, रिमांड. एखादा माणूस चोर नाही असं लिहायचा नमुना आमच्या खात्यात नाही. भाच्याच्या वहीतलं पान घेतलं. त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीत, त्यांनी परक्याची बॅग सोडली नाही म्हणून स्वतःचं स्टेशन कसं सोडलं, ते लिहिलं. चूक कोणाची, हेही लिहिलं: आधी भाच्याची, मग माझी. खाली सही केली, हुद्दा लिहिला. या वेळी त्याची गरज होती.

काकांनी कागद हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि मला परत दिला.

"मला देऊन काय करू? बाहेर पारावर माणसं बसलीत. तिथं वाचा."

पुढे निवृत्त होईपर्यंत ठाण्यात कोणी फिर्याद घेऊन आला की मी त्याला पहिला प्रश्न एकच विचारायचो: यात तुझं काय चुकलं, ते आधी सांग. लोक रागावायचे, पण सांगायचे. हाताखालच्यांना बजावलं होतं, तोंडी कोणाचं नाव कोणाच्या कानात घालायचं नाही. ते शिकायला मला दुसऱ्याच्या पोरीचं लग्न टांगणीला लावावं लागलं, याची लाज वाटते.

त्या दिवशी पारावर दहा-बारा जण होते. काका बाजूला उभे राहिले, पदरानं तोंड पुसत त्यांची बायको दारात आली. मी चष्मा लावला आणि त्यांच्या नावापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.