ऑर्किडचा दांडा

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मिलिंदला तर नाहीच — आणि खरं म्हणजे आधी त्यालाच सांगायला हवं होतं. तुम्हाला सांगते आहे, कारण घरात ऐकायला आता दुसरं कुणी नाही.

मिलिंद माझा धाकटा भाऊ, बंगळुरूला असतो. दिवाळीला आला तेव्हा त्याने आईसाठी जांभळ्या फुलांचं ऑर्किड आणलं. जाताना म्हणाला, "फुलं गळाली तरी झाड टाकू नकोस, आई. पुन्हा फुललं की फोन कर, मी रजा टाकून येतो." माणूस असं बोलून जातो. आईने ते धरून ठेवलं.

मी शाळेत शिकवते, वाचायची सवय आहे. ऑर्किड पुन्हा कसं फुलवायचं ते मीच शोधून काढलं. कुंडीत माती नाही, कोळसा आणि झाडाची साल, पाणी बेताचं, आणि पुढची थंडी सुरू झाली की रात्री गॅलरीत, कारण गारव्याशिवाय ते फुलाचा दांडा काढत नाही. नाशिकला गारव्याची काय कमी? आईची नजर मोतीबिंदूने अधू झाली होती, म्हणून तिला हाताने ओळखायला शिकवलं — मुळाचं टोक गोल, दांड्याचं चपटं, चोचीसारखं. ते दिवस चांगले होते. हेही लिहायला हवं.

आई मखमलाबादच्या मळ्यात वाढलेली. कोवळ्या काकडीला, भोपळ्याला बोट दाखवायचं नाही, दाखवलं तर ते कुजतं, हे तिच्या हाडात भिनलेलं. झाड चाचपतानाही ती तर्जनी मुडपून घ्यायची. मी हसायचे.

"हस तू, मास्तरीणबाई," म्हणायची. "तुझ्या पुस्तकात नसंल ते."

पौषात एका सकाळी तिने हाक मारली. चपटं टोक तिच्या हाताला लागलं होतं. तिचा तो चेहरा — तिची औषधं, तिचे पाय चेपणं, तिच्यासाठी भात मऊ शिजवणं, इतकी वर्षं सगळं माझ्याकडे. माझ्यासाठी तो असा कधी उजळला होता का?

"मिलिंदला फोन लाव. येईल बघ आता."

मी म्हणाले, थांब, बहुतेक मूळच असेल. मूळ नव्हतं. मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली असताना मी तो दांडा कापला. नखं कापायच्या कात्रीने. करंगळीच्या पेराएवढा तर होता. केराच्या डब्यात टाकला, वर चहाचा चोथा टाकला, आणि तिला सांगितलं, गळून पडला.

एवढंच असतं तर? तर कदाचित मी विसरलेही असते. पण आई म्हणाली, "माझंच बोट लागलं गं. घाईत मुडपायचं राहिलं."

मी केराचा डबा बाहेर नेऊन ठेवला. मिलिंदलाही तिने फोनवर तेच सांगितलं. तो हसला, आवाज माझ्यापर्यंत आला. त्यानंतर तिने कुठल्याच झाडाला हात लावला नाही. मोगऱ्याच्या कळ्यासुद्धा मला खुडायला सांगायची. मिलिंद आला तो थेट पावसाळ्यात, ती कुणाला ओळखेनाशी झाल्यावर.

आई गेली. झाड अजून गॅलरीत आहे. यंदा त्याला फुलं आली. मी एकटीच बघते. मिलिंदला कळवलेलं नाही.

आईला दवाखान्यात नेलं त्या दिवशीचं एक राहिलं. तेव्हा ती शुद्धीवर होती, बोलत होती. नर्स ऑक्सिजन मोजायचा चिमटा घेऊन आली आणि तिने आईच्या उजव्या हाताची तर्जनी धरली. आईने हात ओढून घेतला.

"ते नको बाई. ते बोट चांगलं नाय."

नर्सने माझ्याकडे पाहिलं. खोलीत आम्ही तिघीच होतो. तेव्हा सांगता आलं असतं — एका वाक्याचं तर काम होतं.

"दुसरं घ्या," मी नर्सला म्हणाले.