अकरा चमचे

आमचे हे रोपवाटिकेत माळी. एरवी तोंडातून शब्द काढायचा तर चिमटा लावावा लागतो. पण त्या दुर्मिळ रानफुलाच्या कंदाचा विषय काढा, की थांबतच नाहीत! दगडखाणीमागच्या उतारावर त्याची अकराच रोपं उरली होती. निम्मा उतार खाणीने गिळला, उरलेल्यावर शेळ्या चरतात. आणखी कुठे ती सापडल्याचं कुणी सांगितलेलं नाही.

मी त्या फुलाला सवत म्हणायचे, आणि थट्टेत नाही हं. लग्नाला एकवीस वर्षं झाली, दर रविवारी हे तिच्याकडे. बाई वर्षातून पंधरा दिवस फुलणार, बाकी जमिनीखाली तोंड लपवून बसणार. मी बारा महिने डोळ्यांसमोर, म्हणून मी दिसत नाही! माझ्या ऑपरेशनची तारीख हे विसरले, तिच्या कळ्यांची कधी नाही. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

फुलं सरली की वर काहीच उरत नाही. जागा सापडावी म्हणून हे प्रत्येक कंदाशेजारी कॅन्टीनमधला पांढरा प्लॅस्टिकचा चमचा खोचायचे, वर नंबर घालून.

गेल्या महिन्यात हे कामावर असताना एक गोडबोल्या दाराशी आला. "ताई, त्या दुर्मिळ फुलाचे फोटो काढायचे होते."

"आत्ता कसलं फूल? पण जा की खाणीमागे. पांढरे चमचे दिसतील."

त्याच्या पिशवीतून खुरप्याची मूठ डोकावत होती. मी पाहिली. पाहिली आणि दार लावून घेतलं.

रविवारी हे दुपारीच परतले. हातात चमच्यांची जुडी, गुडघ्यांना माती. "अकरा खड्डे गं," एवढंच बोलले आणि ओट्याला टेकून रडले. माझ्या ऑपरेशनच्या वेळी डोळ्यांत टिपूस नव्हतं! ते रडणं बघूनही, देवाशप्पथ, मी जळलेच.

"चूक माझीच," हे म्हणाले. "मीच चमचे लावून चोराला जागा दाखवली."

मी बोलायला हवं होतं. मी चहाचं आधण ठेवलं.

मग खिशातून त्यांनी लसणीच्या पाकळीएवढा बारका कंद काढला, खड्ड्यात राहून गेलेला. माझ्या तळहातावर ठेवला. "आता तू सांभाळ. माझा माझ्यावर भरवसा नाही. तुझ्यावर आहे."

हे ऐकायला मी एकवीस वर्षं थांबले होते.

कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. सकाळी ह्यांच्या आधी उठून मीच बघते. फूल आलं की सगळं सांगून टाकायचं, असं ठरवलंय. हे म्हणतात, फुलायला सहा वर्षं तरी लागतील.